फ्रान्समधल्या एका खेड्यात ऐकलेली नावे

बकुळफुले:

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघे तुलूझला मुलाकडे गेलो होतो. त्याला सुट्टी जोडून मिळाली, म्हणून मधले चार दिवस तिथून उत्तरेला, दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यातल्या एका खेड्यात दगडी घर भाड्याने घेऊन राहिलो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथे भेटलेल्या माणसांची ओळख इथे उघड करणे मला बरे वाटत नाही. एक चर्च, एक बेकरी, मेयरचे कार्यालय, त्याला लागूनच शाळा आणि आपल्याकडच्या एखाद्या वाडीएवढी वस्ती, एवढाच गावाचा पसारा होता.

८ मे रोजी सकाळी मी पाव आणायला बाहेर पडले. १९४५ साली याच तारखेला युरोपातले दुसरे महायुद्ध संपले आणि फ्रान्समध्ये त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, एवढे मला ठाऊक होते. पण सुट्टी म्हणजे बंद दुकाने, यापलीकडे माझी काही अपेक्षा नव्हती. हातभर लांबीचा पाव घेऊन परतताना मेयरच्या कार्यालयासमोर तीस-चाळीस माणसे उभी दिसली. मेयरबाईंनी साध्या कोटावरून तिरंगी पट्टा आडवा बांधला होता. दोन वृद्ध गृहस्थ झेंडे घेऊन उभे होते; त्यांच्या हातांत पांढरे मोजे होते आणि गळ्यातून आलेल्या चामडी पट्ट्याच्या खोबणीत झेंड्याची काठी रोवलेली होती. गणवेशातले चार-पाच अग्निशामक, शाळेच्या बाई, त्यांच्याभोवती सहा-सात मुले आणि एका मोटारीच्या उघड्या डिकीत ठेवलेला ध्वनिक्षेपक, अशी सगळी तयारी होती. अनेकांच्या छातीवर निळ्या फुलाचे छोटे चिन्ह टाचलेले होते. मी यजमानांना फोन करून बोलावून घेतले आणि आम्ही त्या लोकांच्या मागे, थोडे अंतर ठेवून, चर्चशेजारच्या स्मारकापर्यंत चालत गेलो. हातातल्या पावाचे काय करावे हे मला शेवटपर्यंत सुचले नाही.

स्मारक म्हणजे एक साधा दगडी स्तंभ होता. पुढच्या बाजूला १९१४ ते १९१८ अशी वर्षे आणि खाली नावांची लांब रांग. डाव्या बाजूला १९३९ ते १९४५ आणि त्याखाली मोजकी नावे. अगदी तळाशी, नंतर बसवलेल्या एका लहान पाटीवर, एकच नाव आणि ‘उत्तर आफ्रिका’ एवढेच शब्द. मेयरबाईंनी मंत्रालयाकडून आलेले पत्र वाचून दाखवले. हेच पत्र त्या दिवशी फ्रान्सच्या गावोगावी वाचले जाते, असे मला नंतर कळले, आणि सरकारी पत्राचा जो सूर असतो तोच त्याचा होता. दोन मुले तेवढ्या वेळात एकमेकांना कोपराने ढोसत होती.

त्यानंतर नावे सुरू झाली. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पुढे आली आणि हातातल्या कागदावरून एकेक नाव मोठ्याने वाचू लागली. प्रत्येक नावानंतर ती थांबे आणि जमलेले सगळे जण एका आवाजात म्हणत, ‘मोर पूर ला फ्रांस’, म्हणजे फ्रान्ससाठी मृत्यू पावला. नाव, उत्तर, पुन्हा नाव, पुन्हा उत्तर. एवढ्याशा गावातून पहिल्या महायुद्धात इतकी माणसे गेली असतील, हे वाचून समजले नसते. ऐकताना मात्र ते संपेना. एकच आडनाव लागोपाठ तीन वेळा आले, तेव्हा त्या मुलीचा आवाज किंचित अडखळला. कदाचित आपण तीच ओळ पुन्हा वाचत नाही ना, असे तिला वाटले असावे. काही वेळाने माझ्या लक्षात आले की आमचे यजमानही हलक्या आवाजात उत्तर देत होते. त्यांना फ्रेंचचे अक्षरही येत नाही.

पुष्पचक्र वाहिल्यावर बिगुलाची ध्वनिफीत वाजली आणि मौन सुरू झाले. ते अर्ध्यावर आले असताना डिकीतल्या ध्वनिक्षेपकातून एकाएकी राष्ट्रगीत सुरू झाले. मेयरबाईंनी मान न वळवता नुसती बोटे हलवली, गीत थांबले, मौन पुन्हा पहिल्यापासून पाळले गेले आणि कोणीही हसले नाही.

निघताना झेंडा धरलेल्या एका आजोबांनी आम्ही कुठले म्हणून विचारले आणि शेजारच्या सभागृहात सगळ्यांबरोबर पेयपान करायला चलाच, असा आग्रह केला. कॉलेजात गुण मिळवण्यापुरती शिकलेली फ्रेंच मी त्या दिवशी सगळी खर्च केली. त्या एका आडनावाविषयी विचारले, तेव्हा ते दोन सख्खे आणि एक चुलत भाऊ होते, असे त्यांनी सांगितले आणि खिडकीतून समोरच्या टेकडीवरचे त्यांचे शेत दाखवले.

घरी येताना मला माझे आजोळ आठवत होते. सातारा जिल्ह्यातल्या त्या गावात, जुन्या चावडीच्या भिंतीत, संगमरवराची एक पाटी बसवलेली आहे. या गावातून अमुक माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेली आणि त्यांपैकी तमुक माणसांनी प्राण दिले, असा इंग्रजी मजकूर तिच्यावर आहे. लहानपणी आम्ही त्या पाटीला सायकली टेकवून ठेवत असू आणि तिच्या कडेला पानवाल्यांनी पुसलेल्या चुन्याची बोटे कायम दिसत. त्या पाटीवर दोन आकडे आहेत आणि नाव एकही नाही. पन्नास वर्षांत मला ही गोष्ट खटकली नव्हती. त्या मुलीने वाचलेला कागद ऐकल्यावर खटकली.

आपल्यापैकी कोणाच्या गावात अशी पाटी आहे का? असल्यास तीत नावे आहेत का?

माणदेशी:

बकुळताई, लेख आवडला. पाटी आमच्याही गावात आहे आणि मजकूर तोच आहे, फक्त आकडे वेगळे. मराठी मुलुखातच नव्हे, तर भारतात अनेक ठिकाणी हा एकच साचा वापरलेला दिसतो. सरकारने एकदा मजकूर ठरवला आणि गावागणिक आकडे भरले, असेच ते दगड पाहून वाटते. सातारा तालुक्यातील अपशिंगे हे गाव तर आज ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान कामी आले आणि त्यांची आठवण म्हणून इंग्रज सरकारने गावात स्मृतिशिला बसवली. त्या गावात आजही घरटी कोणी ना कोणी सैन्यात असतो.

एक गोष्ट मात्र नमूद करावीशी वाटते. नावे दगडावर नाहीत म्हणजे ती कोणालाच ठाऊक नव्हती, असे नाही. माझी पणजी तिच्या दिराचे नाव पितृपक्षात न चुकता घ्यायची आणि त्याच्या नावाने पान वाढायची. तो ‘बसऱ्याला’ गेला, एवढेच तिला ठाऊक होते. पणजी गेली आणि ते पान वाढणे थांबले. आता ते नाव माझ्या वडिलांनाही आठवत नाही.

थंड प्रदेश:

मी लील शहरात नऊ वर्षे राहतो आहे. आपण पाहिलेला सोहळा इथे गावोगाव वर्षातून निदान दोनदा होतो, ८ मे आणि ११ नोव्हेंबर. दुसरी तारीख पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाची आहे. १९१८ साली त्या दिवशी सकाळी अकरा वाजता तोफा थांबल्या. त्या युद्धात फ्रान्सची सुमारे १४ लाख माणसे मारली गेली आणि पुढच्या काही वर्षांत देशात सुमारे ३६,००० गावांनी आपापली स्मारके उभारली. सरकारने १९१९ च्या कायद्याने त्यासाठी थोडे अनुदान दिले, बाकीचा पैसा गावांनी वर्गणीतून उभा केला. ‘मोर पूर ला फ्रांस’ ही नुसती घोषणा नसून जुलै १९१५ च्या कायद्याने ठरवलेली नोंद आहे. ती मृताच्या दाखल्यावर घातली जाते. आपण पाहिलेले निळे फूल ‘ब्लुए’ म्हणून ओळखले जाते. इंग्रजांचे जसे लाल पॉपी, तसे हे फ्रेंचांचे.

आपण नावांविषयी लिहिले आहे, म्हणून न्यव्ह-शापेलचा उल्लेख करतो. हे लीलजवळचे एक छोटे गाव आहे. १९१४ च्या शरद ऋतूत हिंदी सैन्याच्या लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन मार्सेयच्या बंदरात उतरल्या आणि थेट खंदकांत गेल्या. १० ते १३ मार्च १९१५ या चार दिवसांत याच गावासाठी झालेल्या लढाईत हिंदी तुकड्यांची चार हजारांहून अधिक माणसे ठार, जखमी किंवा बेपत्ता झाली. गढवाल रायफल्सच्या गबर सिंग नेगी यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इथल्याच लढाईसाठी. गावाच्या चौरस्त्याजवळ ७ ऑक्टोबर १९२७ रोजी हिंदी स्मारकाचे अनावरण झाले. वर्तुळाकार भिंत, तिच्यात जाळ्या, सुमारे पंधरा मीटर उंच स्तंभ, त्यावर कमळ आणि पायथ्याशी दोन वाघ. ईश्वर एक आहे आणि विजय त्याचाच आहे, अशा अर्थाचा मजकूर तिथे देवनागरीतही कोरलेला आहे. ज्यांची थडगी नाहीत, अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची आणि कामगारांची नावे त्या भिंतीवर आहेत. फ्रान्सच्या सपाट, ओल्या शेतांमध्ये उभे राहून ती नावे बोटाने वाचणे हा फार विचित्र अनुभव आहे. शेजारच्या रस्त्यावरून बीट भरलेले ट्रॅक्टर जात असतात.

इतिहासाचा विद्यार्थी:

न्यव्ह-शापेलला नावे आहेत आणि मराठी गावांच्या पाट्यांवर नाहीत, हा विरोध बकुळफुले यांनी नेमका हेरला आहे. माणदेशी यांच्या पणजींनी घेतलेल्या ‘बसऱ्या’च्या उल्लेखामुळे त्याचा पुढचा भाग सांगणे भाग आहे.

मराठा पलटणींचा मोठा भाग फ्रान्समध्ये नव्हे, तर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढला; बसरा हे तिथलेच बंदर. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी जनरल टाउनशेंड यांच्या फौजेत होत्या. कुत-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ रोजी ही फौज वेढली गेली आणि उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जण शरण गेले. पुढे वाळवंटातून चालवत नेलेल्या कैद्यांपैकी पुष्कळ वाटेतच गेले. त्या आघाडीवर मरण पावलेल्या आणि ज्यांच्या कबरी माहीत नाहीत अशा माणसांसाठी १९२९ साली बसऱ्याला स्मारक उभारण्यात आले. त्यावर ४०,००० हून अधिक जणांची नोंद आहे.

आता त्या नोंदीचे स्वरूप पाहावे. ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली आणि हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. हिंदी शिपायांच्या पलटणीखाली मात्र ‘आणि इतर अमुक इतके हिंदी सैनिक’ एवढेच आहे. अशी आकड्यांत मोजलेली माणसे ३३,००० हून अधिक आहेत. ही स्मारके उभारणाऱ्या, १९१७ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धसमाधी आयोगाचे मूळ तत्त्व असे होते की मरणानंतर हुद्दा, वंश आणि धर्म पाहिला जाणार नाही. युरोपातल्या भूमीवर ते पाळले गेले, बाहेर पुष्कळ ठिकाणी पाळले गेले नाही. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि आयोगाने त्याबद्दल क्षमा मागितली. त्या अहवालाप्रमाणे, प्रामुख्याने पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्या किमान १,१६,००० जणांची नावाने, किंवा कदाचित कसलीच, नोंद झाली नाही.

त्या वेळी इतक्या देशी शिपायांची नावे टिपणे शक्य नव्हते, असे समर्थन कोणी करू लागेल तर त्याला पुण्याजवळच्या कोरेगावला पाठवावे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने भीमेकाठी उभारलेल्या स्तंभावर मारल्या गेलेल्या देशी शिपायांची नावे आहेत. त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ असल्याने ती महार शिपायांची म्हणून ओळखली जातात. बसऱ्याच्या शंभर वर्षे आधी हे काम झाले होते. त्या स्तंभापाशी आज लाखो लोक जमतात, त्याची कारणे अनेक आहेत, परंतु दगडावर आपल्या माणसाचे नाव वाचता येणे हे त्यांतले लहान कारण नसावे.

जाता जाता कोकणाविषयी. रत्नागिरीकडची पुष्कळ माणसे बोटींवर खलाशी होती. पहिल्या महायुद्धात समुद्रात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईत मस्जिद बंदराजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात आहे. आपल्यापैकी किती मुंबईकरांनी ते पाहिले आहे, हे विचारण्याचे धाडस मी करत नाही; मी स्वतः ते वयाच्या चाळिशीत पाहिले.

तिरकस:

लेख हळुवार आहे, हे मान्य. पण मला दोन प्रश्न पडले आहेत आणि ते विचारल्यावाचून राहवत नाही.

पहिला असा की, बसऱ्याला किंवा फ्रान्सला गेलेले आपले शिपाई पगारासाठी, परक्या सत्तेच्या बाजूने, तिसऱ्याच कोणाच्या मुलुखात लढले. फ्रेंच खेड्यातली माणसे आपल्या उंबरठ्यावर आलेल्या शत्रूशी लढली. या दोन स्मरणांना एकाच तराजूत तोलणे मला पटत नाही.

दुसरा प्रश्न त्या तारखेचाच आहे. ८ मे १९४५ रोजी फ्रान्समध्ये विजयाचा आनंद चालू असताना अल्जीरियातल्या सेतिफ शहरात विजयमिरवणुकीत काही लोकांनी अल्जीरियाचा झेंडा फडकवला. पोलिसांनी गोळीबार केला, त्यावर उसळलेल्या दंगलीत सुमारे शंभर युरोपीय मारले गेले, आणि मग फ्रेंच फौजेने सेतिफ, गेल्मा, खेराता या भागांत कित्येक आठवडे सूड घेतला. त्यात किती माणसे मेली? तेव्हाचे फ्रेंच सरकार हजाराच्या आसपास म्हणत होते, अल्जीरिया ४५,००० म्हणते. एवढे मोठे अंतर पडते, कारण त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. बकुळफुले यांनी पाहिलेल्या स्तंभाच्या तळाशी ‘उत्तर आफ्रिका’ असे लिहिलेले नाव आहे. त्या पाटीवर ‘युद्ध’ हा शब्द का नाही, हे त्यांनी आजोबांना विचारले असते तर बरे झाले असते. १९५४ ते १९६२ या काळात अल्जीरियात जे चालले त्याला फ्रान्सच्या कायद्याने युद्ध म्हणायला १९९९ साल उजाडावे लागले. नावे वाचणारा देशही कोणाची नावे वाचायची ते निवडूनच वाचतो.

बकुळफुले:

तिरकस, आपला दुसरा मुद्दा मला ठाऊक नव्हता आणि तो वाचल्यावर मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. ती तळाची पाटी मी पाहिली, तिच्यावर फक्त प्रदेशाचे नाव आहे हेही पाहिले, आणि जागा कमी पडली असेल असे समजून पुढे गेले. आता आठवते की त्या मुलीने ते नाव सर्वांत शेवटी वाचले, सगळ्यांनी तेच उत्तर दिले, आणि ज्या आजोबांनी आम्हांला सभागृहात नेले त्यांचे वय पाहता ते स्वतः त्याच काळात सक्तीच्या लष्करी सेवेवर गेलेले असू शकतील. मी विचारले नाही. बरे झाले की वाईट, हे मला ठरवता येत नाही.

पहिल्या मुद्द्याबाबत मात्र मी सहमत नाही. मी तराजू मांडलेला नाही. तो शिपाई कोणासाठी लढला हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि तो आकड्याला विचारता येत नाही. माणदेशी यांच्या पणजींचा दीर पगारासाठी गेला, दुष्काळामुळे गेला, भावकीतल्या भांडणामुळे गेला की हौसेने गेला, हे कळायला आधी तो कोण होता हे कळायला हवे. पाटीवरचा आकडा त्याचा गौरवही करत नाही आणि त्याच्यावर ठपकाही ठेवत नाही, तो फक्त हिशेब मिटवतो.

तिरकस:

‘हिशेब मिटवतो’ हे मान्य. पहिला मुद्दा मागे घेत नाही, पण त्यावर अडूनही बसत नाही.

शिळाशोधक:

या चर्चेत वीरगळांचा विषय निघाला नाही, याचे आश्चर्य वाटते. लढाईत किंवा गुरे सोडवताना मेलेल्या माणसाचा दगड गावाच्या वेशीवर उभा करण्याची आपल्याकडची रीत शेकडो वर्षांची आहे. शिलाहार आणि यादव काळातले वीरगळ महाराष्ट्रभर विखुरलेले आहेत. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, वरच्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्यांची मांडणी साधारण ठरलेली असते. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांची लढाई कोरलेली आहे.

यांतील फारच थोड्यांवर लेख आढळतो. बहुतेक वीर निनावी आहेत. गावकरी त्या दगडाला शेंदूर लावतात, नारळ फोडतात, नवस बोलतात, आणि हा कोण म्हणून विचारले तर एखाद्या देवाचे नाव सांगतात. तेव्हा निनावीपण फक्त इंग्रजांनी आणले, असे म्हणता येणार नाही. फरक इतकाच की आपण नाव विसरलो तरी त्या माणसाचा देव केला आणि सरकारने नाव गाळून त्याचा आकडा केला. यांपैकी अधिक वाईट काय, यावर माझे मत अजून पक्के झालेले नाही.

माणगावचा:

माझा अनुभव थोडक्यात सांगतो. इटलीच्या उंब्रिया प्रांतात मोंतोने नावाचे टेकडीवरचे एक टुमदार गाव आहे. आमच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे त्या परिसरात, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी मारले गेले. ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते आणि वय अवघे २२ वर्षे होते. त्यांच्या तुकडीतले इतर सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडल्यावर त्यांनी एकट्याने त्या ठाण्यावर चाल केली, ते काबीज केले आणि त्यानंतर शत्रूच्या गोळ्यांनी ते पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही, नाव इटलीतल्याच कासिनोच्या युद्धस्मारकावर आहे. माणगावला तहसील कचेरीसमोर त्यांचा पुतळा आहे आणि आम्ही शाळेत जाताना त्यालाच वळसा घालून जायचो.

जुलै २०२३ मध्ये मोंतोनेच्या लोकांनी आपल्या गावात घाडगे यांच्या नावाने एक सूर्यघटिका उभारली. एकाच सूर्याखाली आपण सारे राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन तिच्यावर आहे. इटलीच्या मोहिमेत ५,७०० हून अधिक हिंदी सैनिक मारले गेले, ते सगळे त्या स्मारकात अभिप्रेत आहेत. मी मुद्दाम वाट वाकडी करून गेलो, पण त्या दिवशी ढग होते आणि घटिकेवर सावलीच पडली नाही. शेजारच्या बाकावर बसलेल्या एका बाईंना मी हातवाऱ्यांनी सांगितले की हा माणूस आमच्या गावाकडचा. त्या उठून उभ्या राहिल्या.

थंड प्रदेश:

बकुळफुले, आजोळच्या पाटीपुरते काही करता येईल असे वाटते. युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर मृतांची नावे शोधता येतात. बसऱ्याच्या दगडावर ज्यांची नावे नाहीत त्यांच्यापैकीही पुष्कळ जण त्या यादीत आहेत. हिंदी सैनिकांच्या अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. नावाने शोधू नये, पलटण निवडून पुढच्या तपशिलात गाव शोधावे. पंजाबच्या गावोगावच्या अशाच नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात शंभर वर्षे पडून होत्या. त्यांत ३,२०,००० सैनिकांच्या नोंदी आहेत आणि २०२१ पासून त्यांचा काही भाग लोकांना घरबसल्या पाहता येतो.

बकुळफुले:

सर्वांचे आभार. थंड प्रदेश यांनी सांगितल्याप्रमाणे मी तीन आठवडे रोज दुपारी तेच काम केले आणि कुठवर आले आहे ते सांगून ठेवते.

आजोळच्या गावाचे नाव इंग्रजीत चार प्रकारे लिहिलेले आढळले. कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले असणार, त्यामुळे एका नोंदीत तालुका बरोबर आणि गाव चुकीचे, तर दुसरीत उलट. पाटीवरच्या आकड्याइतकी नावे मिळाली नाहीत, पण निम्म्याहून अधिक मिळाली. एक जण आगबोटीवर गेला होता, दोघे कुतच्या वेढ्याच्या काळात गेले. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, परत यायची वाट पाहत असताना गेलेलाही एक आहे. पाटीवर १९१९ का, याचे उत्तर अशा माणसांत असावे.

यादी मामेभावाला पाठवली. त्याने ती पारावर वाचून दाखवली, तेव्हा दोन घरांनी आपले माणूस ओळखले आणि तिसऱ्या नावावरून दोन भावक्यांत तो आमचाच म्हणून वाद झाला. पाटीवरचा चुना खरवडून झाला आहे. शाळेचे गुरुजी मुलांकडून नावे वाचून घ्यायला तयार आहेत. ११ नोव्हेंबरला दिवाळीची सुट्टी असण्याचा संभव असल्याने त्यांनी २६ जानेवारी सुचवली आहे. नुसते नाव आणि आडनाव वाचावे असे मी लिहिले होते, ते मात्र त्यांनी मान्य केले नाही. वडिलांचे नाव नसेल तर गावात कोणता माणूस हे कळणार कसे, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते बरोबर आहे. मुलांनी वाचल्यावर लोकांनी उत्तर काय द्यायचे, यावर अजून एकमत नाही. गुरुजींच्या मते काहीच नको, प्रत्येक नावानंतर शाळेची घंटा एकदा वाजवावी.

दोन नावांपुढे माझे प्रश्नचिन्ह कायम आहे. एका ठिकाणी आडनाव सावंत की सामंत हे स्पेलिंगवरून ठरत नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी गावाच्या नावापुढे नुसते ‘वाडी’ आहे. आमच्या शिवारात अशा तीन वाड्या आहेत. त्या काळच्या पलटणीच्या नोंदी वाचण्याचा सराव असलेले कोणी इथे असल्यास कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा. कागद पाठवते.